आधी ठेका, मग चाल: रॉककडे निघालेल्या चौकडीला

पत्र: आम्ही चौघं दीड वर्षापासून एकत्र वाजवतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि चेलो. लग्नाच्या रिसेप्शनना हलकी पाश्चात्त्य गाणी वाजवून हात बसला. आता दांडिया बाजारातल्या एका मंडळानं गणेशोत्सवात चाळीस मिनिटं दिली आहेत आणि आम्हांला रॉक वाजवायचंय. कॉलेजात एकदा करून पाहिलं. गाणी लोकांना ओळखू आली, पण सगळे म्हणाले, ‘गोड वाटलं.’ शिवाय चेलो सारखा घुमत होता आणि व्हायोलिनं पत्र्यासारखी वाजत होती. आमचा पहिला व्हायोलिनवाला हिंदुस्थानी शिकलाय, त्याचा सा पांढरी दोन. बाकी तिघांनी पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्यात. व्हायोलावाली खरं तर व्हायोलिनवरच व्हायोलाच्या तारा चढवून वाजवते. माझे सर म्हणतात, या नादात वाद्य खराब होईल. हातात दहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक चेलोवादक, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

‘गोड वाटलं’ या दोन शब्दांत तुमचं निम्मं निदान आहे. तुम्ही बहुधा गाण्याची चाल पहिल्या व्हायोलिनला दिली, तिच्याखाली दुसऱ्या व्हायोलिननं आणि व्हायोलानं लांब सूर धरले आणि चेलोनं प्रत्येक मापाच्या सुरुवातीला मूळ स्वर वाजवला. रिसेप्शनला ही मांडणी शोभते. रॉकचं वजन मात्र चालीत नसतं. ते रिफमध्ये असतं, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या त्या छोट्या तुकड्यात, आणि मापातल्या चार ठोक्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यावर, म्हणजे दोन-चारवर, पडणाऱ्या ड्रमच्या आवाजात असतं. तुमच्या चौकडीत ड्रम नाही, गिटार नाही, बेस नाही. ती तिन्ही कामं गजांनी करायची आहेत. चारातल्या तिघांनी आधी ताल व्हायचं, चाल सगळ्यांत शेवटी बसवायची. पहिले तीन आठवडे पहिल्या व्हायोलिनशिवाय तालीम करा. तिघांच्या वाजवण्यावर ऐकणाऱ्याचा पाय हलला, तरच त्याला आत घ्या.

ऐकण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. बीटल्सच्या 1966 च्या ‘एलेनॉर रिग्बी’त एकही गिटार नाही, ड्रम नाही. जॉर्ज मार्टिननं लिहिलेल्या रचनेत आठ वादक आहेत: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. माइक तारांच्या अगदी जवळ ठेवले होते आणि गजाचे फटके आखूड आहेत, त्यामुळे तारवाद्यंच ठेका देतात. आता तेच 1965 च्या ‘यस्टरडे’शेजारी ठेवून ऐका. त्यातही स्ट्रिंग क्वार्टेट आहे, पण तिथे ते गाण्याला आधार देतं. तुम्ही आज दुसऱ्या प्रकारचं वाजवताय आणि तुम्हांला पहिल्या प्रकारचं हवंय. दुसरं उदाहरण क्रोनोस क्वार्टेटचं. डेव्हिड हॅरिंग्टननं 1973 मध्ये सुरू केलेल्या या चौकडीनं 1986 च्या आपल्या अल्बममध्ये जिमी हेंड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ वाजवलंय. चार नेहमीची वाद्यं काय करू शकतात ते त्यात कळतं. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकानं 1996 मध्ये मेटॅलिकाची गाणी वाजवली, तेही तुम्ही ऐकलं असेलच. पण ते चार चेलो आहेत. चौघांचाही आवाज गिटारच्याच उंचीत बसतो. त्यांची मांडणी तुमच्या दोन व्हायोलिनांना जशीच्या तशी लावायला गेलात तर सगळं दोन सप्तकं वर चढेल आणि किरटं होईल.

कामाची वाटणी अशी करा. चेलोची खालची मोकळी तार सुमारे 65 हर्ट्झची, गिटारची 82 ची आणि बेस गिटारची 41 ची. म्हणजे चेलो गिटारचं काम पूर्ण करू शकतो, बेसचं अर्धंच. म्हणून मुख्य रिफ चेलोकडे द्या आणि व्हायोलाला तोच रिफ बरोबर एक सप्तक वर द्या. वेगळे सूर देऊ नका. एकच रिफ दोन सप्तकांत वाजला की तो जाड होतो, आणि ही जाडी आवाज बदलणाऱ्या कुठल्याही पेडलपेक्षा जास्त कामाची आहे. कडव्यात व्हायोलानं रिफ सोडून आखूड आठव्या सुरांची (एका ठोक्यात दोन) सलग ओळ धरायची. गिटारवाले तळहात टेकवून तार दाबून वाजवतात, तसा तो परिणाम हवा. त्यासाठी गजाच्या खालच्या तिसऱ्या भागात, प्रत्येक सुराला तीन-चार सेंटिमीटर इतकाच गज, आणि गज तारेवरून उचलायचा नाही. उचलला की सूर उड्या मारतो आणि मोझार्टसारखा ऐकू येतो. दुसऱ्या व्हायोलिनकडे स्नेअर ड्रमचं काम, म्हणजे चॉप: गज तारांवर टाकून काढलेला कोरडा ठोका.

चॉपवर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचं यश-अपयश बरंचसं त्यावर ठरेल. रिचर्ड ग्रीन या अमेरिकन फिडलवादकानं 1960 च्या दशकात हे तंत्र काढलं आणि पुढे डॅरल अँगर आणि टर्टल आयलंड क्वार्टेटनं ते चौकडीत रुजवलं. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, दाबू नका, म्हणजे सूर उमटणार नाही. गज मुठीजवळ, केसांच्या पहिल्या दोन सेंटिमीटरवर वापरायचा. तो आडवा ओढायचा नाही, दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून तारांवर टाकायचा आणि पडल्या जागी थांबवायचा. ‘चक’ असा कोरडा आवाज येतो. मग तिथूनच उचलताना केस तारेला किंचित खेचतात आणि दुसरा, बारीक आवाज निघतो. पहिला दोनवर आणि चारवर, दुसरा त्याच्या पुढच्या अर्ध्या मात्रेवर.

चुका ठरलेल्या असतात. गज उसळतो, कारण अंगठा ताठ आहे किंवा गज फार उंचावरून येतोय. अंगठा वाकवा, उंची कमी करा. आवाज ‘चक’ऐवजी ‘कर्र’ असा लांबतो, कारण पडल्यावर गज आडवा सरकतोय. सूर ऐकू येतो, कारण डाव्या हाताचं एकच बोट तारेवर आहे आणि ते नेमकं हार्मॉनिकच्या, म्हणजे नुसत्या स्पर्शानंही बारीक सूर निघणाऱ्या, जागी पडलंय. दोन-तीन बोटं टेकवा. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे जोर. चॉपचा आवाज वजनातून येतो, दाबून तो दुखरा होतो आणि दहा मिनिटांत मनगट धरतं. मेट्रोनोम 70 वर लावून रोज दहा मिनिटं, मग दर दोन दिवसांनी चार-पाच ठोके वाढवत 120 पर्यंत या. चॉपसाठी वेगळा, स्वस्त, कार्बन किंवा फायबरचा गज घ्या. मुठीजवळचे केस लवकर झिजतात आणि तुटतात, चांगल्या लाकडी गजावर हा खर्च करू नका. दर दोन गाण्यांनी हे काम दुसऱ्या व्हायोलिनकडून व्हायोलाकडे द्या. चाळीस मिनिटं एकाच हातानं चॉप निभत नाही.

तुमच्या हिंदुस्थानी मित्राला ही दोन-चारची जागा सुरुवातीला सापडणार नाही, आणि त्याला कारण आहे. मापातल्या आठ आठव्या सुरांना तो आपोआप कहरवा म्हणून ऐकेल. कहरव्यात कान समेकडे आणि पाचव्या मात्रेच्या खालीकडे जातो. रॉकचा ठोका मात्र तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो, म्हणजे ‘धा गे ना ती, न क धी ना’ म्हणताना पहिल्या ‘ना’वर आणि ‘धी’वर. त्याला तोंडानं ठेका म्हणायला लावा आणि टाळी फक्त त्या दोन जागी द्यायला सांगा. आठवडाभर रोज पाच मिनिटं. त्याच्याकडून चॉप वाजवून घ्यायचा नसला तरी हे करायला हवं, कारण चालीतला जोर चुकून समेवर गेला तर मागच्या तिघांनी उभारलेला ठेका एका क्षणात भजनाचा होतो. त्याचा भाग सरगममध्येच लिहून द्या, मात्रांच्या रेघांसकट. स्टाफ नोटेशन शिकवायला दहा आठवडे पुरणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. 1886 मध्ये सयाजीरावांनी इथे गायनशाळा काढली, तेव्हा तिची धुरा सांभाळणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली होती. एका मांडणीसाठी दोन लिप्या वापरणं या गावाला जड जाऊ नये.

आणि हाच मित्र तुमचा सगळ्यांत मोठा ठेवा आहे. गिटारवाला तार ओढून स्वर वर नेतो, ते काम त्याची मींड न शिकवता करते. फरक वेगाचा आहे. त्याला स्वरापर्यंत सावकाश पोहोचण्याची सवय असेल. रॉकमध्ये चढण झटकन संपते आणि मुक्काम लांब असतो, कंपन मुक्कामी पोहोचल्यावरच सुरू होतं. सोलोला वापरतात ती मायनर पेंटाटॉनिक स्वरावली म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. स्वरांच्या हिशेबानं ती धानी रागाची आहे. त्याला तेवढंच सांगा आणि कोमल ग व शुद्ध ग यांच्या मधली जागा मींडेनं चाखायला सांगा. ब्लूजचा रंग तिथेच आहे.

आता स्वर ठरवा. पत्रातली एक गोष्ट वाचून आम्हांला आनंद झाला: सा पांढरी दोन. त्याच्या तारा प-सा-प-सा अशा लावलेल्या असतील तर त्या खालून वर ए, डी, ए, डी होतात. नेहमीच्या व्हायोलिनच्या जी-डी-ए-ई पेक्षा सर्वांत खालची तार एक स्वर चढी, सर्वांत वरची एक स्वर उतरी. त्याला तारा बदलायला लावू नका. सगळा कार्यक्रम डीमध्ये आणा. दुसऱ्या व्हायोलिनवर डी आणि ए मोकळ्या तारा आहेत, व्हायोलावर वरच्या दोन तारा त्याच. चेलोवर खालच्या दोन तारांवर पहिलं बोट पहिल्या पोझिशनमध्ये आडवं टाकलंत की डी आणि ए मिळतात: रॉकवाल्यांची पॉवर कॉर्ड, एका बोटात. व्हायोलिन कुळातली वाद्यं पंचमाच्या अंतरानं लागतात आणि पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर आणि पंचम. हे तुम्हांला वाद्याच्या ठेवणीनं फुकट दिलंय. जी गाणी मूळ ईमध्ये आहेत, गिटारची खालची तार ई असल्यानं ती पुष्कळ असतात, ती एक पूर्ण स्वर उतरवून डीमध्ये घ्या. ईमध्येच हट्टानं वाजवलंत तर चेलोला तिसरं बोट आडवं टाकावं लागतं, ते कमजोर पडतं, किंवा दर वेळी पोझिशन बदलावी लागते आणि रिफ अडखळतो.

तीन जणांना ठेक्यात आणल्यावर एक तक्रार हमखास येते: सगळं बरोबर वाजतंय, तरी मागे पडल्यासारखं वाटतं. हे मनाचे खेळ नाहीत. ड्रमचा आवाज मारताक्षणी पूर्ण असतो, गजाचा सूर मात्र फुटायला वेळ घेतो. 65 हर्ट्झच्या तारेचा एक फेरा 15 मिलिसेकंदांचा असतो. सूर स्थिर व्हायला तीन-चार फेरे धरले तर स्वच्छ सुरुवातीतही 50-60 मिलिसेकंद जातात. उपाय असा की खालच्या तारांवर गज हवेतून आणायचा नाही. सुराच्या आधी तो तारेवर टेकलेला, केसांनी तार पकडलेली, आणि वेळेवर फक्त सोडायचा. चेलोनं या सगळ्यात मेट्रोनोमच्या किंचित पुढे राहायचं. तालीम फोनवर रेकॉर्ड करा आणि मेट्रोनोमचा आवाजही त्यात येऊ द्या. ऐकताना तुमचा सूर ठोक्यानंतर येत असेल तर लगेच कळेल. वाजवताना ते कळत नाही. कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) किंवा ड्रम घेणार असाल तर तो चौथ्या आठवड्यानंतर आणा. आधी आणलात की तुम्ही चौघं त्याच्यावर रेलाल.

आता पत्र्यासारख्या आवाजाकडे येऊ. तुम्ही बहुधा पीझो पिकअप, म्हणजे वाद्याचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा, सरळ मिक्सरला जोडलात. पीझोला पुढच्या यंत्राचा फार मोठा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, लागतो. हिशेब सोपा आहे. पिकअपची कपॅसिटन्स 1 नॅनोफॅरड धरली आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचे 10 किलोओहम धरले, तर जवळजवळ 16,000 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. उरतो तो वरचा खरखरीत भाग, तोच तुमचा पत्रा. 1 मेगाओहमच्या इनपुटला ही सीमा 160 हर्ट्झवर येते: व्हायोलिनला चालेल, चेलोला नाही. 10 मेगाओहमला ती 16 हर्ट्झवर जाते. म्हणून प्रत्येक पीझोमागे एक प्रीअॅम्प, म्हणजे मिक्सरच्या आधी सिग्नल सावरणारी छोटी पेटी, घ्या, आणि चेलोसाठी घेताना माहितीपत्रकात इनपुट 10 मेगाओहम लिहिलंय का ते बघा. वाद्यापासून प्रीअॅम्पपर्यंतची वायर शक्य तितकी आखूड ठेवा. तिथून पुढे एक्सएलआर वायरनं कितीही लांब जा. मिक्सरवर टोन फिरवून हा दोष जात नाही, कारण जे आत आलंच नाही ते वाढवता येत नाही.

पिकअप ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या) कडेच्या खाचेत बसणारा किंवा ब्रिजला चिमट्यानं लावायचा घ्या. वाद्याला भोक पाडून जॅक बसवायला तयार होऊ नका. लवचीक मानेचा गूजनेक माइक आवाजाला पिकअपपेक्षा खरा असतो, पण मंडळाच्या मंचावर, शेजारी कहोन असताना, तो सगळ्यांचंच ऐकतो. शांत गाण्यांना माइक ठीक, रॉकला पिकअप.

डिस्टॉर्शनबद्दल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करण्याबद्दल, एवढंच सांगतो: ते चेलोला द्या, फार तर सोलोच्या वेळी पहिल्या व्हायोलिनला, आणि बाकी दोघांना स्वच्छ ठेवा. चौघांनाही दिलंत तर ठेका चिखलात जातो. डिस्टॉर्शनखाली एका वाद्यावर दोन स्वर वाजले की त्यांच्या वारंवारितांची वजाबाकी होऊन तिसरा स्वर तयार होतो. डी आणि ए, म्हणजे 73 आणि 110, यांची वजाबाकी 37 येते. तो डीच आहे, एक सप्तक खालचा. पॉवर कॉर्ड भारदस्त लागते ती यामुळे. षड्ज-गंधाराची जोडी वाजवलीत, त्यातही कोमल गंधाराची, तर भलताच स्वर खाली उगवतो. म्हणून गंधार डिस्टॉर्शनमधून वाजवायचा नाही, तो स्वच्छ वाद्याकडे द्यायचा. डिस्टॉर्शननंतर स्पीकर सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय, असलीच पाहिजे. गिटारच्या अॅम्पचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं बाहेर सोडत नाही. मंडळाचे स्पीकर सगळं सोडतात आणि मग तो आवाज कानात शिरलेल्या डासासारखा होतो. ऑक्टेव्हर (सूर एक सप्तक खाली नेणारा पेडल) वापरणार असाल तर तो डिस्टॉर्शनच्या आधी लावा आणि त्यातून एका वेळी एकच स्वर जाऊ द्या. दोन दिलेत तर तो गोंधळतो. आणि आधी साउंडवाल्याला विचारा, सबवूफर आहेत का. नसतील तर 37 हर्ट्झ कोणालाच ऐकू येणार नाही, फक्त स्पीकर फडफडतील.

चेलोचं घुमणं ही वेगळी गोष्ट आहे. चेलोच्या पोटातली हवा 100 हर्ट्झच्या आसपास गुंजते, व्हायोलिनच्या पोटातली 270-280 च्या आसपास. स्पीकरचा आवाज पेटीत शिरतो, पेटी त्या जागी हलते, पिकअप ते उचलतो, आणि चक्र सुरू. मंडळाचा मंच फळ्यांचा आणि खालून पोकळ असतो. तुमची एंडपिन, म्हणजे चेलोची खालची टोकदार कांडी, त्या फळीत रोवलेली असते, म्हणजे अख्खा मंच तुमच्या चेलोचा भाग होतो. एंडपिनखाली जाड रबर ठेवा आणि त्याखाली फोमचा तुकडा. पुष्कळदा अर्धं घुमणं एवढ्यानं थांबतं. नंतर आवाज तपासताना फक्त चेलोचा गेन (येणाऱ्या आवाजाची पातळी) हळूहळू चढवा. जिथे पहिल्यांदा घुमेल ती वारंवारिता शोधून अरुंद पट्टीत 4 ते 6 डेसिबल उतरवा. ती 110 च्या जवळ आली तर जपून, कारण तुमच्या पॉवर कॉर्डचा पंचम तिथेच आहे. जास्त कापलंत तर कॉर्ड लंगडी होईल. प्रीअॅम्पवर फेजचं बटण असेल तर ते दाबूनही बघा, काही वेळा कापण्याची वेळच येत नाही. कॉम्प्रेसर बंद ठेवा. तो हलका आवाज उचलून धरतो, म्हणजे शिट्टीलाही.

छोट्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला लो-कटचं बटण असतं, 80 किंवा 100 हर्ट्झचं. दोन्ही व्हायोलिन आणि व्हायोलाला ते दाबलेलं, चेलोला मोकळं. साउंडवाले सवयीनं चारही दाबतात. हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा, दादांना नीट विनंती करून. आणखी एक: बऱ्याच चेलोंमध्ये 165 ते 185 हर्ट्झच्या दरम्यान एक स्वर गुरगुरतो, त्याला वुल्फ म्हणतात. तुमचा सा डी असेल तर कोमल गंधार 175 वर येतो. रिफमध्ये तोच स्वर डळमळत असेल तर जी तारेवर ब्रिजच्या खाली बसणारी वुल्फची नळी लावा आणि थोडी-थोडी सरकवून जागा शोधा.

गुणगुण येत असेल, 50 हर्ट्झची संथ घूं, तर प्रीअॅम्पवरचं किंवा डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या पेटीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पावसाळ्यात ओल्या मंचावर त्यानं जीव जाऊ शकतो. तुमचे पेडल आणि मिक्सर एकाच बोर्डावरून वीज घेऊ देत, रोषणाईच्या माळांच्या बोर्डावरून नको.

भाद्रपदातली वडोदऱ्याची हवा हिशेबात धरा. दमट हवेत गजाचे केस लांबतात. स्क्रू पुरता फिरवूनही गज सैल राहत असेल तर महिनाभर आधी केस बदलून घ्या. चेलोची वरची फळी फुगते आणि तारा फिंगरबोर्डपासून उंच होतात. कडेचा सरस सुटला तर एखाद्या ठरावीक स्वरावर झिणझिण येते, आणि ती पिकअपमधून दसपट ऐकू जाते. वाद्याच्या कडेवर बोटानं टिचक्या मारत फिरा. सुटलेल्या जागी आवाज पोकळ होतो. फेव्हिकॉल लावू नका, पुढे दुरुस्ती करणाऱ्याला तो निघत नाही. वाद्याच्या कारागिराकडून सरसानंच चिकटवून घ्या.

तुमच्या सरांची काळजी खोटी नाही, पण ती कुठल्या गोष्टीसाठी आहे ते वेगळं करून पाहा. चॉपनं गज झिजतो, वाद्य नाही. पिकअप काढता येतो. खरा धोका ब्रिजला आहे. जोरात वाजवलं आणि सारखं सुरात लावत राहिलं की तारा ब्रिजचं टोक फिंगरबोर्डकडे ओढतात, तो वाकतो आणि एक दिवस आडवा पडतो. आत उभी असलेली साउंडपोस्ट नावाची लाकडी काडीही त्याच्यासोबत पडू शकते. आठवड्यातून एकदा बाजूनं पाहा: ब्रिजची मागची, तारांच्या बांधणीकडची बाजू पेटीशी काटकोनात हवी. झुकला असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या बोटांनी मागे घ्या. सरांना एका तालमीला बोलवा आणि हीच तपासणी त्यांच्याकडून शिकून घ्या.

व्हायोलावालीचं तसंच चालू द्या. व्हायोलिनच्या 356 मिलिमीटरच्या पेटीत खालची सी तार नुसत्या कानाला पोकळ लागते, पण पिकअपमधून निभते, आणि डीमध्ये तिला ती तार फारशी लागणारही नाही. तारा मात्र 14 इंची व्हायोलासाठीच्या घ्यायला सांगा. मोठ्या व्हायोलाच्या तारा या लांबीवर ढिल्या राहतात आणि चॉपमध्ये फिंगरबोर्डवर आपटतात.

चाळीस मिनिटांना आठ गाणी पुरतात. चार मिनिटांची सात आणि एक मोठं. निवडताना एक कसोटी: गाण्याचा रिफ तोंडानं गुणगुणता येतो का? येत नसेल, गाणं नुसत्या कॉर्डांवर आणि शब्दांवर उभं असेल, तर सोडून द्या, मग ते कितीही आवडतं असो. शब्दांशिवाय ते उभं राहत नाही. एक गाणं सहा किंवा बारा मात्रांच्या लयीतलं घ्या. गरब्यातला सहा मात्रांचा हींच ऐकत वाढलेले श्रोते समोर असतील. त्या गाण्यात त्यांना टाळी शिकवावी लागणार नाही, आणि तुमच्या चौघांच्या हातांतही ती लय मुळातच आहे. ते पाचवं ठेवा, कार्यक्रमाची कंबर तिथे असते. दुसऱ्यांच्या रचना जाहीरपणे वाजवण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना मंडळानं घेतलाय का, हे आत्ताच विचारून ठेवा.

तालमीत कान सांभाळा. व्हायोलिन डाव्या कानाला चिकटून असतं आणि कहोन शेजारी. 85 डेसिबलला आठ तास चालतात, 100 ला पंधरा मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, सूर न मारता आवाज उतरवणारे. चौघांनीही घ्या.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. सणाच्या काही ठरावीक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. तुमचा दिवस त्यात येतो का ते मंडळाला विचारा. येत नसेल तर आरती लांबली म्हणून तुमची चाळीस मिनिटं पंचवीस होतील. त्यासाठी कोणती तीन गाणी गाळायची ते आधीच ठरवून प्रत्येकाच्या कागदावर लिहा, आणि गाळलेल्यांत पाचवं नको. आवाज तपासणी संध्याकाळच्या आरतीच्या आधी मागून घ्या: चार चॅनेल, प्रत्येकी पाच मिनिटं, मग चौघं मिळून सगळ्यांत मोठा रिफ एकदा पूर्ण जोरात. चेलोचा गेन त्या जोराला बेतून लावा, एकट्यानं हळू वाजवून नव्हे. सुट्या वस्तूंच्या पिशवीत चेलोची ए तार, व्हायोलिनची ई तार, प्रीअॅम्पच्या 9 व्होल्टच्या चार नव्या बॅटऱ्या, दोन जास्तीच्या वायरी, रोझिन, सुती फडकं आणि तो फोमचा तुकडा.